पोपटांच्या पगारावर

आमच्या शाळेचा खर्च पोपट करतात.
वहीत मी असं लिहीत नाही.
वहीत लिहिते: होड्या तीन, पाहुणे अकरा,
माणशी वीस डॉलर, पेट्रोल वजा,
लिसार्दोची मजुरी वजा;
उरलं ते मास्तरांचं, खडूचं
आणि पोरांच्या दुपारच्या केळ्यांचं.

पहाटे, नापो नदी अजून काळीच असते,
चुलीवर ग्वायूसाची पानं उकळतात,
आम्ही एकमेकींना रात्रीची स्वप्नं सांगतो,
कुणाला साप दिसला, कुणाला मेलेला भाऊ,
आणि मगच पाहुण्यांना उठवतो.
ते दुर्बिणी अडकवून कड्यासमोर ओळीनं बसतात.
बोलायचं नाही, हे त्यांना तीनदा सांगावं लागतं.
मग वरच्या सेइबोवरून एक उतरतो.
बघतो.
मग दुसरा.
मग झाडाचं झाडच जणू उडून मातीला चिकटतं.

माती खातात ते. नुसती माती.
आणि अकरा माणसं श्वास धरून त्यांना खाताना बघतात.
माझ्या आईला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती,
पोरी, तुला ताप आलाय.

पाऊस असला की ते येत नाहीत.
ससाणा फिरकला तरी नाहीत.
त्या आठवड्यात एलिसेओ मास्तर उधारीवर शिकवतात.

फेब्रुवारीत सलग नऊ दिवस कडा रिकामा.
दहाव्या दिवशी चिखलात घसरत एक बाई शाळेपर्यंत आली.
चांगली बाई होती, हे आधीच सांगते.
म्हणाली, मुलं काही म्हणून दाखवतील का?
मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी वहीकडे.
विकायच्या फळीवरचे पिसांचे मुकुट कुणीतरी काढले,
जे आमच्यात कुणी कधीच घालत नाही.
पोरं गुड मॉर्निंग म्हणाली, नाचली,
परत गुड मॉर्निंग म्हणाली.
एवढी वर्षं मास्तर ओरडत आलेत, पोपटपंची नको, समजून बोला.
बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.
शंभर डॉलर दिले.

त्या दिवशी पोपट आलेच नाहीत.
माती आम्ही खाल्ली.

रात्री वही उघडली.
शंभर कुठल्या रकान्यात घालू?
होड्यांत नाही, जेवणात नाही, टोपल्यांत नाही.
मी अक्षर शिकले चाळिसाव्या वर्षी, याच शाळेत,
मागच्या बाकावर, माझ्याच नेल्बाच्या वेणीमागे बसून.
पट्टी धरून रेघ मारायला तिथंच शिकले.
रेघ मारली. वर काय लिहायचं, सुचेना.

मिंगाच्या दिवशी वाट साफ करून झाल्यावर
सगळे कोयते टेकवून बसले. भांडण झालं.
लिसार्दो म्हणाला, नाचल्यानं कुणाचे पाय झिजले?
म्हाताऱ्या दोमितिलानं चिचाचं भांडं खाली ठेवलं.
"पोपट दाखवू," म्हणाली. "पोरं नाही."
टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत.
लिसार्दो उठून गेला.
दुसऱ्या दिवशी तोच एक फळी तासून घेऊन आला.

फळीवर नेल्बानं लिहिलं, वर किच्वा, खाली स्पॅनिश:
इथून पुढे शाळा. कडा डावीकडे.
स्पॅनिशमध्ये एक अक्षर चुकलं. राहू दिलं.

शंभर डॉलर अजून डब्यात आहेत, रकान्याविना.

आज ऊन पडलं.
खिडकीतून ऐकलं, कुणीतरी विचारत होतं,
मास्तर, ते माती का खातात?
मास्तर म्हणाले, लिसार्दो म्हणतो, मिठासाठी.
दोमितिला म्हणते, कच्च्या फळांचं विष उतरावं म्हणून.
मला माहीत नाही.
जा, बघा, लिहून आणा.

पोरं सुटली डावीकडे, वह्या छातीशी धरून,
आणि कड्यापाशी पोचताच आपसूक गप्प झाली.
मी माझी वही काढली.
होड्या: नाहीत.
पाहुणे: सतरा.
रक्कम