न मोजता येणारी नामं

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर गुरुवारी सात वाजता
मी फळ्यावर एक उभी रेघ मारते.
डावीकडे मोजता येतं ते,
उजवीकडे येत नाही ते.

अंडं डावीकडे. मीठ उजवीकडे.
खुर्ची डावीकडे, फर्निचर उजवीकडे,
आणि दांगुओलेचा हात वर:
खुर्च्या मोजायच्या, फर्निचर नाही,
मग इंग्लिशमध्ये घर बदलताना
ट्रकवाला पैसे कसे लावतो?

पैसेही उजवीकडे, मी म्हणते.
वर्ग हसतो. हसू द्यावं.
पगार शुक्रवारी होतो, आणि दांडी पडली असेल
तर कापलेले पौंड एकूण एक मोजून होतात.
(पौंड डावीकडे.)

केस उजवीकडे लिहिले, तर वायदास,
मासळीच्या कारखान्यातून थेट आलेला,
कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ अजून ताजा,
म्हणाला, बाई, डोक्यावर आहेत तोवर ठीक.
त्यातला एखादा पाकिटात, कॉडच्या तुकड्यावर सापडला
की आमचा सुपरवायझर बरोबर 'अ' लावतो.
पुढचं मला शिकवावंच लागलं नाही.

'अ' म्हणजे कुणीतरी एक,
दारात उभा, ओळख ना पाळख.
त्याच्याविषयी दुसऱ्यांदा बोललात की 'द':
आता तो आत आलाय, कोट काढून बसलाय,
मला माहीत, तुम्हालाही माहीत.
समुद्राला पहिल्यापासूनच 'द'.
या गावात कुणी विचारत नाही, का ते.
माझे वडील एका ट्रॉलरवर होते,
पुढच्या वाक्यात त्या ट्रॉलरवर,
तिसरं वाक्य आईनं कधी केलं नाही.

असो. 'गो होम' म्हणताना मध्ये काहीच लावायचं नाही.
"उघडंच?" दांगुओलेला पटत नाही.
"या हवेत?"

हाबतोम रेडिएटरला चिकटून बसतो.
बारीक अक्षर, समासातसुद्धा मजकूर,
एक ओळ रिकामी सोडत नाही.
त्याची सगळी वाक्यं आईची.
भूतकाळ शिकवला तेव्हा तिचा गुडघा,
तुलना शिकवली तेव्हा तिची शेळी,
शेजारणीच्या शेळीहून हट्टी.
गृहपाठ होता, कुटुंबावर पाच वाक्यं.
आय हॅव द मदर.
मी लाल पेनानं 'द' खोडला, वर 'अ' लिहिला.
कुणीतरी एक आई?
तोही खोडला.

तो वही घेऊन टेबलाशी आला.
"दोघांना माहीत असेल तर 'द', तुम्हीच सांगितलं.
सप्टेंबरपासून मी दुसऱ्या कुणाचं लिहिलंच नाही.
केरेनहून फोन करते तेव्हा आधी खोकते,
मग माझं नाव घेते, हेही लिहिलंय.
तुम्हाला अजून ती माहीत नाही?"

व्याकरणाचं पुस्तक कोपराशी होतं.
मी ते उघडलं नाही.
वहीत जागा शोधून पेन्सिलीनं लिहिलं:
गुडघा आता कसा आहे?

या गुरुवारी वही परत आली.
माझ्या ओळीखाली त्याची:
देअर आर टू न्यूज. वन इज गुड.

न्यूज उजवीकडे. दहादा सांगितलंय.
शेपटाला 'ज' आहे म्हणून अनेकवचन होत नाही,
एक न्यूज नाही, दोन न्यूज नाही,
मोजायचीच नाही.
लाल पेनाचं टोपण काढून बसलेय.
खाली शेवटची बस थांबली, गेली.

चांगली कोणती, ते त्यानं लिहिलंय:
शेळीला दोन करडं झाली.
(डावीकडे.)
दुसरीसाठी त्यानं
अर्धं पान कोरं सोडलंय.