काकडीच्या बरणीतला मध

त्या वर्षी एल्मारने मध दिला तो काकडीच्या बरणीत.
झाकण उघडलं की आधी शेपूचा वास,
मग लिंडनच्या फुलांचा.
मी म्हटलं, काचेच्या बरण्या महागल्या का?
तो म्हणाला, हो.
आणि अंगणातल्या मधपेट्यांकडे बघत राहिला,
नोव्हेंबरात, पेट्या बंद असताना.

विल्यान्दीत कुणाचं काही लपत नाही,
तरी त्याने फेब्रुवारीपर्यंत लपवलं.
तळ्याच्या बर्फाला भोकं पाडून
माणसं मासे धरत बसली होती,
तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात आला,
टोपी न काढता बसला
आणि घडी घातलेला कागद पुढे सरकवला,
डॉक्टरला दाखवावा तसा.
"वाइके, तू छापखान्यात होतीस. बघ तरी."

होते. बत्तीस वर्षं खिळे जुळवले.
शिशाची अक्षरं उलटी वाचली, खाली डोकं वर पाय.
अजूनही दुकानाची पाटी
मला काचेच्या आतल्या बाजूने लवकर कळते.

ईमेल साधंच होतं. लात्वियातल्या सार्मा कंपनीचं,
जिच्याकडून तो एकोणीस वर्षं बरण्या घेतो.
आमची बँक बदलली आहे, यापुढे पैसे या खात्यावर.
धमकी नाही, घाई नाही.
खाली त्याच बाईचं नाव,
जिला तो दर नाताळला मध पाठवतो.
अठराशे चाळीस युरो.

मी भिंग आणलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर धरलं.
सार्मातला एम तिथे नव्हताच.
एक आर आणि एक एन
अंगाला अंग लावून उभे होते,
एकाच कोटात शिरलेली दोन पोरं
एकाचं तिकीट काढतात तसे.

"बघ."
"एम आहे."
"पुन्हा बघ."

भिंतीवरचं घड्याळ बराच वेळ एकटंच बोललं.
मग तो म्हणाला, "एवढ्याशा फटीतून?"

आमचा फोरमन असल्या फटीवरून
कान उपटायचा, हे मी सांगितलं नाही.
म्हटलं, खाते क्रमांक बदलला की आधी फोन कर.
पत्रातल्या नंबरवर नाही,
तुझ्या वहीतल्या, पेन्सिलीने लिहिलेल्या.
तिचा आवाज ऐक. मध कसा होता विचार.
त्याने मान हलवली, टोपीसकट,
आणि गेला.

शहाणपण सांगून झालं. आता माझं ऐका.

मे महिन्यात लेइदाचं पत्र आलं.
माझी बहीण. तिच्याच पत्त्यावरून.
एकेक अक्षर तपासलं, सगळी जागच्या जागी.
ती तालिनच्या इस्पितळात आहे, फोन जवळ नाही,
दुकानातून भेटकार्डं घे,
मागचे आकडे खरवडून पाठव,
आणि कुणाला सांगू नकोस.

मी बूट घातले.
पाकीट कोटाच्या खिशात टाकलं.
दाराच्या कडीला हात लागला तेव्हा
डोळ्यांपुढे आले ते स्वल्पविराम.
पत्रात सगळे स्वल्पविराम होते.
लेइदाने जन्मात एक दिलेला नाही,
दुखणं सांगताना तर ती श्वाससुद्धा घेत नाही.
आणि "प्रिय वाइके"?
मी तिची नाकतोडी. सत्तर वर्षं.

फोन लावला. पाचव्या घंटेला उचलला.
"काय गं नाकतोडे बटाटे लावतेय हात मातीचे आहेत लवकर बोल"

मला काही बोलता येईना.
ती चिडून फोन ठेवेपर्यंत
तिचा श्वास ऐकत उभी राहिले.

मग तशीच एल्मारकडे गेले.
तो पेट्यांशी वाकला होता.
सगळं सांगितलं, स्वल्पविरामासकट.

"बूट घातले होतेस?" त्याने विचारलं.
"नाड्यासुद्धा बांधल्या होत्या."

तेव्हा त्याने टोपी काढली.