साइट अकरा

सरकारी नकाशात तिला नाव नाही, आकडा आहे.
आम्ही म्हणतो, क्लासेनांचा बांध,
कारण माझ्या सासऱ्यानं जमिनीच्या कागदावर सही केली
ती तापलेल्या ट्रकच्या बॉनेटवर, उभ्याउभ्याच,
आणि म्हणाला, चला, धारा काढायची वेळ झाली.

याला धरण म्हणणं म्हणजे वासराला बैल म्हणणं.
ओक्लाहोमाच्या तांबड्या चिकणमातीचा लांबट उंचवटा,
माझ्या पावलांनी चारशे,
गुडघा दुखत असला तर साडेचारशे.
पाण्यात काँक्रीटचा उभा हौद, हौदाला जाळी,
जाळीत दर वर्षी अडकलेला एक बूट.
एकच. जोड कधीच नाही.

गवत मी कापते. गोफरची बिळं मी बुजवते.
कॉटनवूडचं रोप बोटाएवढं असतानाच उपटते,
कारण झाड मेलं की मुळं कुजतात
आणि पाण्याला आयती वाट मिळते.

गळ टाकायला येणारी पोरं विचारतात,
एवढा मोठा बांध, आणि पाणी एवढंसंच?
ती रिकामी जागा पाहुण्यासाठी, मी सांगते.
पोरं माझ्याकडे बघतात, मग गळाकडे.

बांधाच्या आधीचा पूर मी पाहिलेला नाही.
सासूबाई सांगायच्या, घर गेलं,
तळघरातल्या पीचच्या बेचाळीस बरण्या राहिल्या,
चिखलात, झाकणं घट्ट.
तो हिवाळा त्यांनी पीच खाऊन काढला.
पुन्हा कधी पीचला हात लावला नाही.
बरण्या माझ्याकडे आल्या.

मे महिन्यात, त्या मंगळवारी,
रात्री अकरा ते तीन आभाळ थांबलंच नाही.
मी कडेला काठी रोवली. वीस मिनिटांनी काठी पाण्यात.
दुसरी रोवली. तीही गेली.
कुंपणाचा तिसरा खांब गेला, चौथा गेला,
सांडव्याच्या गवतापासून एक वीत खाली
पाणी थबकलं,
दारात येऊन आत यावं की नको
असा विचार करणाऱ्या माणसासारखं.

मग आलं नाही.

सकाळी गावात, कॉफीच्या दुकानात,
हार्लन म्हणाला, एवढ्या ढगांत काही दम नव्हता.
ओढा तर पुलालासुद्धा लागला नाही.
सगळे माना डोलावत होते.
मी साखर ढवळत राहिले. मी साखर घेत नाही.

पण बांधाच्या पायथ्याशी, उतरत्या बाजूला,
एक जागा ओली आहे. आधीही ओली असायची.
मातीचा बांध थोडा घामेजतोच,
स्वच्छ पाणी झिरपलं तर घाबरायचं नाही,
गढूळ आलं तर मात्र
आतून माती निघाली, असं समजायचं.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक
नुसतं बोलायला म्हणतात.
मी गुडघे टेकून बरणी लावली.

टॉर्चसमोर धरली, तेव्हा स्वच्छ वाटली.
खिडकीत ठेवली. झोपले.
सकाळी तळाशी तांबडी रेघ,
नखाच्या कडेइतकी.

जिल्हा कचेरीत डार्ला होती.
म्हणाली, पन्नास वर्षांचा बांध होता ना तो?
म्हटलं, हो, एकसष्टावं चालू आहे.
म्हणाली, यादीत नाव घालते.
म्हटलं, नाव नाही. आकडा. अकरा.

खाली वळणावर सात नवी घरं झाली आहेत.
एका अंगणात ट्रॅम्पोलिन आहे,
संध्याकाळी कुंपणावरून एक डोकं वर येतं,
जातं, वर येतं.
त्या मुलीला माझं नाव माहीत नाही.

खिडकीत आता चार बरण्या आहेत,
झाकणांवर मेणपेन्सिलीनं तारखा.
रेघ जाड होते आहे की माझी नजर,
ते बघायला मी पाचवी धुऊन घेतली.
ढग नाहीत. गवत ओलं आहे.
जाळीत आज दुसरा बूट दिसला,
डाव्याच पायाचा.