होमपेजवर काय ठेवायचं

कन्ना चौकातून आत, दोन बोळ सोडून
वेणुगोपाल म्याकल यांचं ऑफिस.
ऑफिस म्हणजे एक टेबल, ग्राफपेपरांची चवड,
पत्र्याच्या आडोशापलीकडं दोन माग,
आणि भिंतीवर सुतात विणलेला
एका सिमेंट कंपनीचा पांढऱ्या दाढीचा संस्थापक,
ज्याचे पैसे अजून यायचेत.

“वेबसाइट अशी करा,” म्हणाले,
“की पुण्याच्या साहेबानं उघडली
तर त्याला खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं पाहिजे.”

दुपारचे दोन. पंखा गरम हवा
इकडची तिकडं करत होता.
मी नेहमीचे प्रश्न विचारले:
ग्राहक कोण, ते काय शोधतात,
तुमच्यात नि दुसऱ्यांत फरक काय.
त्यांनी टेबलाचा खालचा कप्पा ओढला.
चार बँका निघाल्या, दोन औषध कंपन्या, एक कारखाना,
सगळ्यांचे लोगो
घर घर मोजून पेन्सिलीनं भरलेले.
एका बँकेच्या समईची वात
त्यांनी तीन घरं उजवीकडं सरकवली होती.
“कुणाच्या ध्यानात नाही आलं.
पण आता ती जळते.”

तरी मी पहिला नमुना निळाच केला.
वर काचेच्या इमारतीत हात मिळवणारी
कोटातली माणसं.
खाली: सर्जनशील उपाय, वेळेत वितरण.
म्याकलांनी चष्मा कपाळावर सारला.
“हे कोण?”
असेच, म्हटलं. फुकट मिळतात.
“ह्यांच्यातलं कोण माग चालवतं?”

मग म्हणाले, मागाचा आवाज टाका की.
म्हटलं, ऑफिसातले लोक
आवाज बंद ठेवूनच बघतात.
“मग त्यांना कळणार कसं?”
मला काही सुचेना.
मी फॉन्ट बदलला.

तेवढ्यात लाईट गेली.
माग थांबले तेव्हा कळलं
आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो.
त्या शांततेत म्याकलांनी
संस्थापकाला खिळ्यावरून उतरवलं,
खिडकीशी नेलं, उलटं केलं.
पुढून पांढरं ते मागून काळं,
काळं ते पांढरं.
दाढी काळी, केस काळे,
ऐंशीचा माणूस तिशीचा झाला.
कांड्या भरायच्या सोडून अंबव्वा वाकून बघत होती.
“अगंबाई,” म्हणाली,
“हा तर लग्नाचा दिसतो.”

फोटो मी तिथंच काढला, मोबाइलवर,
कडेला सुटलेल्या धाग्यांसकट.

आता होमपेजवर तेवढंच आहे.
निळा नाही. कोट नाहीत.
संस्थापक आहे, पण पाठीकडून,
कंपनीला ओळखू येणार नाही असा.
‘आमच्याविषयी’मध्ये तीन ओळी,
त्यातली एक खोडून पुन्हा लिहिलेली.
अंबव्वानं फोटो नको म्हटलं,
“नाव टाका. पण लावायच्या आधी
मला वाचून दाखवा.”
दोनदा वाचलं.
दुसऱ्यांदा तिनं डोळे मिटले होते.

अकराव्या दिवशी पहिला मेल आला,
नाशिकच्या पंपवाल्या कंपनीचा.
चारशे नग, मार्चअखेर.
मागची बाजू पुढं घेता येईल का?
दर कळवा. सूट किती?

म्याकल बराच वेळ पहिल्याच प्रश्नापाशी थांबले.
“मागची पुढं घेतली
तर पुढची मागं जाणार,” म्हणाले,
“मग ती कोण बघणार?”
हे त्यांनी मला विचारलं नव्हतं.

मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.
“लिहा. सूट नाही. सूत आहे.”
मी लिहिलं. मला आवडलंही.
त्यांनी वाचलं, हसले,
आडोशाआड चाललेल्या मागांकडं एकदा कान दिला.
“खोडा ते,” म्हणाले.
“पाच टक्के लिहा.”