सेहेचाळीस इंच

मचाण ऑगस्टात बांधायचं.
नोव्हेंबरात ठोकाठोक केली तर हरणं
आठवडाभर त्या अंगाला फिरकत नाहीत,
असं वाल्फ्रिड, माझा बाप, सांगतो
घडीच्या खुर्चीत बसून, काठी मांडीवर आडवी,
आणि डास त्याच्या कानाभोवती
जुन्या गिऱ्हाइकासारखे घोटाळतात.

चार खांब, औषध पाजलेले, हिरवट.
रेनो खड्डे खणतो. दोन फुटांवर खडक.
मिशिगनच्या या टोकाला सगळीकडे खडकच,
खाणी बंद पडल्या, दगड काही संपला नाही.
मग पहार, मग शिव्या, मग फिनिश शिव्या,
ज्यांचा अर्थ आम्हा दोघांनाही धड येत नाही.
मी पाणसळ धरते. बुडबुडा मधोमध येईना.
अजून. अजून. पुरे, गेला पलीकडे.
जन्मात पहिल्यांदा
भाऊ माझं ऐकून काहीतरी हलवतो.

दहा फुटांवर प्लायवुडची जमीन,
तिच्यावर हॉलमधला जुना गालिचा,
कॉफीच्या डागासकट,
बुटांचा आवाज मरावा म्हणून.
शिडी नको, जिना करू, मी म्हटलं.
जिना म्हाताऱ्यांना लागतो, बाप म्हणाला.
यावर कोणी काही बोललं नाही.
रेनोने पायऱ्या कापल्या, बुटक्या,
दोन्ही बाजूंना कठडा.

खिडकीसाठी त्याला स्वयंपाकघरात बसवलं,
हातात रायफलीऐवजी झाडू.
शिवणाचा टेप लावला, फरशीपासून डोळ्यापर्यंत:
सेहेचाळीस. पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.
झाडू खांद्याला लावून
त्याने फ्रिजवर नेम धरला, श्वास रोखला.
माझी सैमी खो खो हसली. तो नाही.

सप्टेंबरात बिजागऱ्यांना मेणबत्तीचं मेण.
गांधीलमाश्यांनी कोपरा धरला,
उंदराने गालिच्याचं सूत नेलं.
हरणं आधी लांबूनच बघायची,
ओळखीच्या रानात हा कोण चौकोनी उभा,
मान ताणून, पुढचा पाय आपटून.
मग एका सकाळी एक मादी
जिन्याच्या कठड्याला अंग घासून गेली.
त्याच आठवड्यात बाप इस्पितळात.
अकरा दिवस.

पंधरा नोव्हेंबर. उजाडायचं होतं, उणे नऊ.
केशरी जाकीट,
त्यात आता दोन वाल्फ्रिड मावतील.
जिना चढायला चौदा मिनिटं लागली;
मी मोजली नाहीत, रेनोने मोजली.
खुर्चीत बसला. झडप उघडली.
आणि त्याला दिसलं ते नुसतं आभाळ.

पुठ्ठा माझ्या खिशात होता. सेहेचाळीस.
चौकटीला टेप लावला. बरोबर.
खुर्ची तीच, स्वयंपाकघरातली.
रेनो म्हणाला, खिडकी खाली घेऊ,
करवत आहे गाडीत.
आवाज होईल, बाप म्हणाला.

मग मी उतरले. ट्रकच्या सीटमागे
ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दोन जाडजूड याद्या,
ग्रीस लागलेल्या. एकीवर एक,
वर माझा स्कार्फ घडी करून.
न्हाव्याकडे पोराला फळीवर बसवतात तसं
काखेत हात घालून आम्ही त्याला उचललं.
मी ओझ्याच्या हिशेबाने जोर लावला होता,
तो उगाच जास्तीचा निघाला.
रेनो दाराच्या कडीशी खुडबुड करू लागला.

दुपारी गोळी वाजली. एकच.
मी कांदा चिरत होते,
सुरी तशीच अर्ध्यात राहिली.
गेलो तर ओढ्याअलीकडे नर पडलेला,
कोवळा, शिंगांना दोन-दोन फाटे,
जखम खांद्यामागे, जिथे असायला हवी तिथे.
वर खिडकीत बाप, हनुवटी चौकटीवर.
लागलं! रेनो खालून ओरडला.
माहितीय, तो म्हणाला.

आम्ही दोर बांधला, ओढायला लागलो,
बर्फावर लाल रेघ उठत गेली.
झाडांच्या रांगेपर्यंत पोचलो असू
तेव्हा मागून हाक आली.
दोघंही थांबलो.

डावीकडची बिजागरी कुरकुरते,
तो म्हणाला.