पाव्हणा

"दुकानात नको, काका, घरी ठेवा,
दुकानाचा पत्रा तापतो," निहार म्हणाला.
बापाची बदली खरगपूरला,
दीड दिवसाच्या प्रवासात ह्याला न्यायचं कसं,
म्हणून भुसावळातल्या एका घड्याळजीकडे
आपला सॅलॅमँडर ठेवून पोरगं गेलं.
"थंडी पडली की नेतो."
तेव्हा एप्रिल होता.

केळीच्या गाभ्याचा रंग.
मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन गुलाबी तुरे,
पापणी नाही,
आणि जिवणी अशी की सदा हसतोय.
त्या हसण्यावर जाऊ नये.
सहा दिवस झाले, पोटात काही नाही.

रोज रात्री आठला फोन.
"काका, खाल्लं?"
"खाल्लं रे."
"किती?"
"दोन."
घड्याळ न उघडताच झालं म्हणून सांगायचं,
असं मी गिऱ्हाइकाशी कधी केलं नाही.

बेचाळीस. त्रेचाळीस. पंचेचाळीस.
सरबताच्या बाटल्यांत पाणी गोठवायचं,
दर दोन तासांनी एक पेटीत तरंगत सोडायची,
वितळलेली परत फ्रीजरला.
हे रत्नप्रभा करते,
पेटीकडे न बघता.
आमच्या घरात अंडं शिजत नाही
आणि मी मोरीवर बसून गांडुळं धुतो.

पहिली आणली ती खतवाल्याकडची,
लाल, वळवळी.
त्याने एक तोंडात घेतलं, थुंकलं,
आणि माझ्याकडे बघितलं,
नकली सेल निघाल्यावर गिऱ्हाईक बघतं तसं.
"कडू ऱ्हातस त्या," रुबाब तडवी म्हणाला,
आणि दुसऱ्या दिवशी सावद्याहून स्वतःच आला:
तेलाचा डबा, डब्यात ठिबकच्या नळीखालची काळी माती,
वर झाकण म्हणून केळीचं पान.
"पाव्हनाले कोनी उपाशी ठेवतस का?"

धुतलं, तुकडे केले,
चिमट्यात धरून तोंडापुढे नेलं.
पाच मिनिटं. दहा.
एकतीस वर्षं ह्याच चिमट्याने
केसाएवढी स्प्रिंग उचलतो मी,
हात तसूभर हलत नाही,
लोक बघायला उभे राहतात.
तो हसत बसला.
गांडूळ पांढरं पडलं.

"खाल्लं, काका?"
"दोन."

बाराव्या दिवशी साडेसातला लाईट गेली.
पंखा थांबला, शेजारच्या कूलरची खडखड थांबली,
भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं तेवढी
आपापली वेळ सांगत राहिली.
बर्फाची शेवटची बाटली होती.
पेटी कुठे आहे ते हातानेच शोधलं,
चिमटा बुडवला,
कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला
आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा
माझा हात थरथरला.

पाणी आत ओढल्याचा बारीक आवाज.
चिमट्याच्या टोकांवरून बोट फिरवलं.
रिकामी.

म्हणजे हेच होतं.
जे हलत नाही ते ह्याला अन्न वाटत नाही.
माझा एवढा नावाजलेला हात
ह्याच्या लेखी काठीसारखा होता.

दुसरं मी मुद्दाम हलवलं,
जरा बाजूने, जरा लांबून,
थकल्या जिवासारखं.
अंधारातून रत्नप्रभाचा आवाज आला,
"गिळलं का?"
बारा दिवसांत पहिली चौकशी.
ती मोबाईलचा उजेड घेऊन आली,
मी म्हटलं, विझव.
विझवून ती खाली बसली,
गुडघे पोटाशी घेऊन, एक शब्द न बोलता,
एका किड्याच्या जेवणाला.

आठ वाजले.
भिंतीवरच्या एकाने आठ ठोके दिले,
दुसऱ्याने चार मिनिटांनी.
मी फोन मांडीवर घेऊन बसलो होतो.
आज आकडा खरा होता: दीड.
साडेआठ. नऊ.
तिकडे शाळा सुरू झाली असेल,
कोणी नवा मित्र,
क्रिकेट.

लाईट आली तेव्हा तो पाइपाच्या तुकड्यात शिरला होता,
तुरे बाहेर, तेच हसू.
उरलेलं अर्धं तळाला पडलेलं.
चिमट्याने उचलून टाकून दिलं,
राहिलं तर पाणी नासतं.
रत्नप्रभा बाटल्या भरत होती.