वहीतलं नाव

सादाख्लोच्या बाजारात, जॉर्जियाच्या हद्दीत,
आर्मेनियाची हायकानुश चीज विकते, खाऱ्या पाण्यातलं,
समोर एल्दानिझ, अझरबैजानचा,
लेंकोरानच्या चहाची पोती मांडून.
त्यांचे देश एकमेकांशी लढलेत.
बाजार तिसऱ्याचाच,
म्हणून इथे दोघंही पाहुणे.

बोलणं रशियनमधून, मोडकंतोडकं,
त्यातले आकडे तेवढे पक्के.
घासाघीस मात्र ज्याने त्याने आपल्या आईच्या भाषेत,
आणि तीच बरोब्बर कळते समोरच्याला.

तिचा भाऊ परत आला नाही.
त्याचं गाव आता जुन्या नकाशातच सापडतं.
दोघांनाही माहीत आहे.
विषय निघत नाही. तराजू निघतो.

एका वसंतात सरहद्दीवर पुन्हा गोळीबार.
तीन आठवडे तिची जागा रिकामी.
शेजारचा टरबूजवाला म्हणाला, बुडाले तुझे पैसे,
चाळीस किलो चहा, आणि वहीत नुसतं नाव!
एल्दानिझने वहीवरची धूळ झटकली.
नाव खोडलं नाही.

चौथ्या आठवड्यात मिनीबसमधून
आधी बादली उतरली,
मग ती, गुडघे धरत, ड्रायव्हरला शिव्या देत.
नोटा मोजल्या. दोन किलोंचे कमी पडले.
"पुढच्या खेपेला देते."
"देऊ नकोस," तो म्हणाला, "राहू दे वहीत.
तेवढं देणं असलं
की तुला यावंच लागतं."

मग चीजचा तुकडा तोंडात टाकून
फार खारट आहे म्हणाला,
आणि भाव पाडायला बसला.